राख, दोन कोकरं आणि ठरलेली वेळ: यहुदी शास्त्रातली नित्य उपासना वाचायला कशी घ्यावी

स्पेनमधून हद्दपार होऊन सलोनिकात स्थिरावलेल्या रब्बी याकोव इब्न हबीब यांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तालमूदमधल्या, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथातल्या, कथा-उपदेशांचा एक संग्रह केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी एक जुना वाद नोंदवला आहे. सगळी तोरा, म्हणजे देवाने दिलेली शिकवण, एका वचनात सांगायची झाली तर ते वचन कोणतं? बेन झोमा म्हणतात, ‘हे इस्राएला, ऐक’ हे. बेन नन्नास म्हणतात, ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे. दोन्ही उत्तरं आपल्याला सुचलीच असती. मग शिमोन बेन पाझी म्हणतात, ‘एक कोकरू सकाळी अर्पावं आणि दुसरं संध्याकाळी’. आणि एक रब्बी उभे राहून निकाल देतात तो या तिसऱ्याच्या बाजूने.

नवखा वाचक इथे हटकून अडखळतो. पहिल्या वचनात देव आहे, दुसऱ्यात माणूस आहे. तिसरं वाक्य तर कोठीच्या नोंदवहीतलं वाटतं. प्रागचे रब्बी महाराल यांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की माणसाने रोज, न चुकता, ठरल्याप्रमाणे केलेली सेवा हीच देवाशी जोडून घेण्याची खरी रीत. अर्थ पटण्यासारखा आहे, पण तो आयता घेतला तर हाती एक सुविचार उरतो. मूळ उताऱ्यांतून चालत तिथपर्यंत गेलं तर बरंच काही वेगळं सापडतं.

ती चाल कशी करायची ते पुढे सांगतो. ज्यांनी यहुदी शास्त्र कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी हे आहे. हिब्रू यायची गरज नाही, यहुदी असायची तर नाहीच नाही. सूचना एकच. आपल्याकडे नित्यनेम, नंदादीप, नैवेद्य हे शब्द तयार असल्यामुळे सगळं आधीच कळल्यासारखं वाटेल. पहिल्या वाचनात तरी तुलना बाजूला ठेवा. साम्यं पुढे दिसतीलच, ती पळून जात नाहीत.

पायरी १: मजकूर हाताशी घ्या

मराठी बायबलातला ‘जुना करार’ सुरुवातीला पुरेसा आहे. यहुदी लोक ज्याला तनाख म्हणतात ती सगळी पुस्तकं त्यात आहेत, त्यांचा क्रम तेवढा वेगळा. उतारे हे: निर्गम २९:३५–४६, लेवीय ६:८–१३ आणि २४:१–९, गणना २८ व २९, अनुवाद ६:४–९, दानीएल ६, यशया १:१०–१७ आणि स्तोत्रसंहितेतलं १४५वं स्तोत्र.

वचनांचे आकडे यहुदी आवृत्तीत काही ठिकाणी वेगळे पडतात. मराठी बायबलातलं लेवीय ६:८ हे हिब्रू प्रतीत ६:१ आहे. स्तोत्रांची शीर्षकं हिब्रूत बऱ्याचदा वचन म्हणून मोजतात, त्यामुळे तिथे एखाद्या आकड्याचा फरक येतो. संदर्भ जुळला नाही तर घाबरू नका, पाच-सात वचनं मागेपुढे पाहा. शिवाय मराठी बायबलातले मथळे आणि टिपा ख्रिस्ती परंपरेतल्या आहेत. यहुदी लोक हेच उतारे मिश्ना, तालमूद आणि राशी या मध्ययुगीन रब्बींसारख्या भाष्यकारांच्या सोबतीने वाचतात. मिश्ना म्हणजे इ.स. २०० च्या सुमारास एकत्र केलेला मौखिक परंपरेचा संग्रह. तो, तालमूद आणि पुष्कळशी भाष्यं ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर हिब्रू-इंग्रजीत फुकट मिळतात.

पायरी २: निर्गम २९ जरा आधीपासून वाचा

रोजच्या अर्पणाचा नियम ३८व्या वचनापासून सुरू होतो. तुम्ही ३५व्यापासून वाचा. आधी पहिला महायाजक अहरोन आणि त्याच्या मुलांच्या दीक्षेचा सोहळा आहे. सात दिवस, रोज एक गोऱ्हा, वेदीचा अभिषेक. सोहळा संपतो आणि लगेच वाक्य येतं की आता वेदीवर रोज जे अर्पायचं ते हे: एक वर्षाची दोन कोकरं, एक सकाळी, एक संध्याकाळी. प्रत्येकासोबत एक दशांश एफा सपीठ, पाव हिन कुटून काढलेलं तेल, पाव हिन द्राक्षारस. आजच्या मापात सपीठ साधारण दोन लिटर, तेल आणि द्राक्षारस प्रत्येकी लिटरभराच्या आतबाहेर.

एवढंच. या अर्पणाला हिब्रूत तामीद म्हणतात. राज्याभिषेक असो की दुष्काळ, रोजचं माप हेच.

आता या उताऱ्यात काय नाही ते पाहा. अर्पण करणाऱ्याच्या मनात काय असावं याबद्दल अक्षर नाही. त्याने काही मागावं असंही नाही. कारण शोधायला गेलात तर ते ४५व्या वचनात हळूच येतं: मी त्यांच्यामध्ये वस्ती करीन. मागणं नाही, सोबत आहे, आणि ती सोबत राखायची आहे दिवसाच्या दोन टोकांना.

बळी हा प्रकारच नकोसा वाटत असेल तर ते लपवू नका, त्या अस्वस्थतेसकट वाचा. बाराव्या शतकातले तत्त्वज्ञ रब्बी मायमोनिडीझ यांनीही असं मांडलं होतं, की त्या काळच्या लोकांना दुसरी उपासनेची रीत माहीतच नव्हती, म्हणून देवाने ती एकदम न मोडता वळणावर आणली. इतर रब्बींनी त्यांना जोरदार विरोध केला. म्हणजे हा प्रश्न पडणारे तुम्ही पहिले नाही.

पायरी ३: राखेपाशी थांबा

मला विचाराल तर या सगळ्यातला सर्वांत समृद्ध उतारा लेवीय ६:८–१३ हा आहे, आणि नवखे लोक नेमका तोच भरभर ओलांडतात. वेदीवरची आग विझता कामा नये ही आज्ञा सगळ्यांच्या लक्षात राहते. तिच्याआधी काय आहे? याजकाने सकाळी तागाचे कपडे घालावेत, रात्रभर जळून राहिलेली राख उचलावी, वेदीच्या बाजूला ठेवावी. मग कपडे बदलून राख छावणीबाहेर स्वच्छ जागी नेऊन टाकावी. त्यानंतर नवी लाकडं.

म्हणजे दिवसाची पहिली सेवा काल जे जळलं ते काढण्याची. कपडे बदलण्याबद्दल राशी तालमूदमधला एक दाखला देतात: ज्या कपड्यांत मालकासाठी भांडं शिजवलं त्याच कपड्यांत त्याचा पेला भरू नये. राख उचलणंसुद्धा सेवाच आहे आणि तिलाही धुतलेली वस्त्रं लागतात. पण बाहेरचं मळकं काम वेगळ्या कपड्यांत.

आता मिश्नातला ‘तामीद’ हा छोटा भाग उघडा आणि पहिला अध्याय वाचा. यरुशलेमच्या मंदिरात पहाटेच्या अंधारात हे कसं चाले त्याचं वर्णन तिथे आहे. ज्याला राखेची पाळी मिळाली तो एकटाच आत जाई. हातात दिवा नाही, वेदीवरच्या आगीच्या उजेडातच चालायचं. बाहेर थांबलेल्यांना तो दिसत नसे, त्याची चाहूलही लागत नसे. मग बेन कातीनने हातपाय धुण्याच्या हौदासाठी बनवलेल्या लाकडी रहाटाचा आवाज येई आणि ते म्हणत, वेळ झाली.

बेन कातीन एका वेळी महायाजक होता. मिश्नात त्याचं नाव टिकलं ते हौदाच्या तोट्या आणि रहाट यांपायी. नित्य उपासनेत भांडी, पाणी, लाकूडफाटा आणि ते वेळेवर पोचवणारी माणसं यांनाही जागा असते, हे अशा तपशिलांत दिसतं.

लगेच ‘योमा’ या भागातला दुसरा अध्यायही वाचून टाका, कारण तिथे भक्तीची दुसरी बाजू आहे. सुरुवातीला राख उचलायला ज्याला हवं तो पुढे येई. पुष्कळ जण झाले की वेदीच्या चढणीवरून शर्यत लागे आणि वरच्या टोकाशी जो आधी पोचेल त्याला मान. एकदा दोघे बरोबरीने धावत होते, एकाने दुसऱ्याला ढकललं आणि त्याचा पाय मोडला. धर्मसभेने पाहिलं की यात धोका आहे, आणि तेव्हापासून चिठ्ठ्या टाकून पाळी ठरू लागली. राख काढायला शर्यत! उत्साह होता तोवर कामाला माणसं उदंड होती. तरी काम शेवटी सोपवलं गेलं ते पाळीवर. माझ्या मते हा प्रसंग इथल्या नित्यतेची गुरुकिल्ली आहे: उपासना टिकावी म्हणून ती भावनेच्या भरतीवर न ठेवता व्यवस्थेवर ठेवली.

पायरी ४: आग, दिवा आणि भाकरी वेगवेगळे वाचा

कोकरांखेरीज इतरही गोष्टींना शास्त्र ‘नित्य’ म्हणतं. त्यांतल्या तीन इथे घ्या, तिन्हींची नित्यता सारखी नाही. इथे घाई केली तर सगळं एकच वाटेल.

वेदीवरची आग कधीच विझायची नाही, ही अखंड नित्यता. दिवा मात्र संध्याकाळपासून सकाळपर्यंत. राशी स्पष्टच सांगतात की प्रत्येक रात्री लावला जातो म्हणूनच तो नित्य. तिसरी गोष्ट लेवीय २४ मधल्या बारा भाकरींची. त्या शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, मांडायच्या आणि पुढच्या शब्बाथाला बदलायच्या. ही नित्यता आठवड्याची.

भाकरींवरून मिश्नात मतभेद आहे. एक मत असं, की एका बाजूचे याजक जुन्या भाकरी ओढत आणि त्याच क्षणी समोरचे नव्या सरकवत, म्हणजे मेज क्षणभरही रिकामं पडू नये. रब्बी योसे म्हणतात, आधी जुन्या काढल्या आणि मग नव्या ठेवल्या तरी ते नित्यच. तालमूद त्यांचं मत आणखी ताणतं: सकाळी काढून संध्याकाळी ठेवल्या तरी हरकत नाही, भाकरीवाचून मेजावर रात्र जाता कामा नये एवढंच. आणि इथून रब्बी अम्मी एकदम माणसाकडे वळतात. त्यावरून ते काढतात की ज्याने सकाळी एक अध्याय आणि संध्याकाळी एक अध्याय शिकला, त्याने ‘हा ग्रंथ तुझ्या मुखातून दूर होऊ नये’ ही यहोशवाला दिलेली आज्ञा पाळली.

त्याच पानावर रब्बी शिमोन बार योहाय यांच्या नावे याहून सवलतीचं मत आहे. सकाळ-संध्याकाळ नुसता शेमा, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’ हा उतारा, म्हटला तरी आज्ञा पाळली गेली. पुढे पुस्ती येते की हे अडाणी माणसासमोर बोलू नये, नाहीतर तो तेवढ्यावरच थांबेल. त्यावर रावा म्हणतात, उलट, मुद्दाम त्याच्यासमोर बोलावं. वाद तिथे मिटत नाही. मी रावांच्या बाजूचा आहे. नव्या माणसाला आधी कळायला हवं की दारातून आत यायला किती पुरतं.

तेव्हा उपासनेतली नित्यता म्हणजे एक क्षणही खंड नाही असं समजून जे लोक चौथ्या दिवशी सोडून देतात, त्यांनी हे पान परत वाचावं. अखंडपणा आगीसाठी सांगितला आहे, आणि तिला लाकडं घालायला माणसं पाळीपाळीने येत होती.

पायरी ५: पेन्सिल घेऊन गणना २८–२९

हे दोन अध्याय कंटाळवाणे आहेत, उगाच नाकारत नाही. शब्बाथ, अमावास्येनंतरचा नवा महिना, वल्हांडण, सप्ताहांचा सण, नववर्ष, प्रायश्चित्ताचा दिवस, मांडवांचा सण आणि प्रत्येकाच्या अर्पणांची यादी. एक युक्ती करा. ‘नित्याच्या होमार्पणाखेरीज’ अशा अर्थाचे शब्द जिथे जिथे येतील तिथे खूण करा. डझनाहून जास्त खुणा होतील. एवढा मोठा सण, गोऱ्हे, मेंढे, आणि प्रत्येक यादीच्या शेवटी तीच आठवण: रोजची दोन कोकरं आहेत तशीच राहतील, हे त्यांच्यावर जास्तीचं.

मिश्नाने याचा नियमच केला. ‘झवाहीम’ भागात आहे की जे अधिक वारंवार येतं ते आधी. रोजचं अर्पण सणाच्या अर्पणाआधी, शब्बाथाचं नव्या महिन्याच्या आधी. आजही यहुदी प्रार्थनांत दोन कर्तव्यं एकत्र आली तर हा नियम लावतात. आपल्या साध्या समजुतीच्या हे उलट आहे. दुर्मीळ ते मोलाचं असं आपण मानतो.

पायरी ६: हे नेमकं कोण करत होतं?

एकट्या साधकाचं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते इथे बदलावं लागतं. याजकांचे २४ गट होते (पहिला इतिहास, अध्याय २४) आणि एकेक गट आठवडाभर सेवेत असे. कोकरांचा खर्च कोणा धनिकाचा नसे, तो लोकांनी दिलेल्या अर्ध्या शेकेल नाण्यातून, म्हणजे सार्वजनिक निधीतून होई.

मिश्नातल्या ‘तानीत’ भागात तर एक मार्मिक प्रश्न आहे: एखाद्याचं अर्पण चाललं आहे आणि तो स्वतः तिथे उभा नाही, हे कसं चालेल? सगळं इस्राएल रोज यरुशलेमला थोडंच येणार. म्हणून सामान्य लोकांचेही २४ गट पाडले. पाळी आली की काही जण यरुशलेमला जात, आणि मागे राहिलेले आपापल्या गावात जमून उत्पत्तीच्या पुस्तकातली सृष्टीनिर्मितीची वचनं वाचत.

म्हणून तुम्हाला एखाद्या दिवशी मन लागलं नाही, तर या परंपरेचं पहिलं उत्तर ‘जोर लावा’ असं नाही. ‘बरोबर कोण आहे?’ असं आहे. सामूहिक प्रार्थनेसाठी दहा जणांचा मिन्यान लागतो, तोही याच अंगाने समजून घेता येतो.

पायरी ७: खंड पडला त्या दिवसाकडे या

तामीद बंद पडलं. एकदा अंतियोखस चौथा या ग्रीक राजाच्या काळात, इ.स.पू. १६७ च्या सुमारास. दानीएलाच्या पुस्तकात ‘नित्याचं काढून टाकलं’ असा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो तो याच जखमेचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तीन वर्षांनी मंदिर शुद्ध झालं, हनुक्का हा त्याचा सण. दुसऱ्यांदा इ.स. ७० मध्ये, रोमन वेढ्यात. तम्मूज महिन्याच्या १७ तारखेला तामीद थांबलं, तीन आठवड्यांनी मंदिर जळलं. १७ तम्मूजला आजही उपास असतो, आणि मिश्नाने त्या दिवसाच्या दुःखांत तामीद थांबल्याची नोंद केली आहे. मंदिर पडायच्या आधी, दोन कोकरं मिळेनाशी झाली त्या दिवसाचाही शोक!

मग पुढे काय, याचं उत्तर तालमूदच्या ‘बराखोत’ भागात (२६ब) आहे. रोजच्या प्रार्थना कुठून आल्या? एक मत, अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याकडून. दुसरं मत, तामीदकडून: सकाळची प्रार्थना सकाळच्या कोकराच्या जागी, दुपारनंतरची संध्याकाळच्या कोकराच्या जागी. रात्रीच्या प्रार्थनेला घट्ट वेळ नाही, कारण वेदीवर उरलेले भाग रात्रभर जळत राहत. वेदी गेली, पण वेळापत्रक राहिलं. होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकात, १४व्या अध्यायात, ओठांचं अर्पण बैलांच्या जागी देऊ अशी ओळ आहे, तिचा आधार यासाठी घेतात. आजही सकाळच्या प्रार्थनापुस्तकात सुरुवातीलाच गणना २८ची पहिली आठ वचनं असतात.

दानीएल ६ इथे वाचा, आधी नको. राजाशिवाय कोणाकडे काही मागायचं नाही असा हुकूम निघतो. दानीएल घरी जातो, यरुशलेमच्या दिशेच्या खिडक्या उघड्या असतात, आणि दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना करतो, ‘पूर्वी करत असे त्याप्रमाणे’. सिंहांची गुहा सगळ्यांना आठवते. कथा मात्र या चार शब्दांवर उभी आहे. हुकूम निघाला म्हणून त्याने काही नवीन केलं नाही आणि जुनं थांबवलंही नाही.

पायरी ८: शेमा

अनुवाद ६:४–९ पाठ होईल इतकं लहान आहे. ‘निजताना आणि उठताना’ या शब्दांवरून सकाळ-संध्याकाळ शेमा म्हणण्याची आज्ञा ठरली. मंदिरातले याजकही सकाळच्या सेवेच्या मध्ये थांबून तो म्हणत, असं ‘तामीद’च्या पाचव्या अध्यायात आहे. म्हणजे बेन झोमा आणि बेन पाझी यांची वचनं पहाटे एकाच आवारात ऐकू येत होती.

‘निजताना’ म्हणजे आडवं होऊनच म्हणायचं का? शम्माय आणि हिल्लेल या दोन जुन्या गुरूंच्या शिष्यांत यावर मतभेद आहे. शम्मायच्या संप्रदायाचं म्हणणं, हो, संध्याकाळी पहुडून आणि सकाळी उभं राहून. हिल्लेलचा संप्रदाय म्हणतो, ज्याला जसं जमेल तसं. चालत असाल तर चालता चालता म्हणा, वचन वेळेबद्दल आहे. रब्बी तार्फोन एकदा वाटेत शम्मायच्या मताप्रमाणे आडवे झाले आणि लुटारूंच्या तावडीत सापडायची वेळ आली. इतर रब्बींनी सहानुभूती वगैरे दाखवली नाही. हिल्लेलचं मत सोडलंत, भोगा, असंच सुनावलं.

मराठी वाचकाचा या वचनाशी एक खरा धागा आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार, पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून आले, पोथ्या बुडाल्या. पुढच्या कित्येक पिढ्यांत हिब्रू प्रार्थना विसरल्या गेल्या. सुंता, शब्बाथ, खाण्याचे काही नियम आणि शेमा एवढं उरलं. तेल गाळण्याचा धंदा करणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी गावात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली गेली. पुढे १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला शार हारहामीम हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधलं, आणि एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांचे मराठी अनुवाद केले. तेव्हा या उपासनेची भाषा मराठीला परकी नाही.

पायरी ९: संदेष्ट्यांची बोलणी टाळू नका

आतापर्यंत व्यवस्थेची बाजू झाली. यशया १:१०–१७ वाचल्याशिवाय ही पायरी चढू नका. तिथे देव म्हणतो, तुमच्या होमबलींनी मला वीट आला आहे, तुमचे हात रक्ताने भरलेत, आधी अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. २९व्या अध्यायात आणखी एक टोचणी: हे लोक ओठांनी सन्मान करतात, मन दूर आहे, त्यांचं भय म्हणजे पाठ केलेली माणसांची आज्ञा. रोजचं करणाऱ्याला हे झोंबायलाच हवं.

रब्बींनाही झोंबलं होतं. शम्माय म्हणतात, तुझं तोरावाचन नेमाने ठरलेलं असू दे. रब्बी एलिएझर म्हणतात, जो आपली प्रार्थना ठरीव करून टाकतो त्याची ती विनवणी नव्हेच. दोन्ही वचनं मिश्नात आहेत आणि कोणी एक काढून टाकलं नाही. अनुवाद ६ मधल्या ‘आज मी तुला आज्ञा देतो’ या शब्दांतल्या ‘आज’वर जुनं भाष्य आहे: राजाचं जुनं फर्मान कोणी बघत नाही, नवं आलं की सगळे धावतात, ही वचनं तुला नव्या फर्मानासारखी वाटोत. हे कसं साधायचं याचं यंत्र कुठेही दिलेलं नाही. वेळ ठरवता येते, नवेपणा ठरवता येत नाही, आणि परंपरा दोन्ही मागते. मला ही ओढाताण सुटलेली दिसत नाही. सोडवायला जाऊही नये असं वाटतं.

पायरी १०: एक आठवडा करून पाहा

आता वाचन रोजच्या वेळेला बांधा. यहुदी विधींची नक्कल करायची नाही. तेफिल्लीन (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या वचनांच्या पेट्या), तल्लीत (प्रार्थनेची शाल) वगैरे त्या समाजाचं आहे. फक्त वाचन. सकाळी आणि संध्याकाळी दहा दहा मिनिटं पुरे.

सकाळी त्या दिवसाचं स्तोत्र. मंदिरातले गायक, लेवी, रोज जे गात त्यांची यादी ‘तामीद’च्या शेवटी आहे: रविवारी २४वं, सोमवारी ४८, मंगळवारी ८२, बुधवारी ९४, गुरुवारी ८१, शुक्रवारी ९३ आणि शब्बाथाला ९२वं. ८२व्यात अन्यायी न्यायाधीशांना दटावलं आहे, ९४व्यात विधवांना आणि उपऱ्यांना मारणाऱ्यांविरुद्ध हाक आहे. यशयाचं म्हणणं लेव्यांच्या आठवड्यात आधीच बसवलेलं होतं म्हणायचं. संध्याकाळी १४५वं स्तोत्र, रोज तेच. ‘प्रतिदिनी मी तुझा धन्यवाद करीन’ असं त्याचं दुसरं वचन आहे, आणि तालमूद हे स्तोत्र दिवसातून तीनदा म्हणायला सांगतं. त्याच्यासोबत वरच्या उताऱ्यांतला एक, याच क्रमाने.

लिहून ठेवायची सवय असेल तर रोज एकच गोष्ट लिहा: आज कालची कोणती राख उचलली? कालचा राग, कालची फुशारकी, काल बरं वाचलं याचं समाधानसुद्धा.

एखादा सिनेगॉग पाहायचा असेल तर मुंबई, पुणे, ठाणे, अलिबाग इथे आहेत. आधी फोन करून विचारा आणि ओळखपत्र न्या. २००८ च्या नरिमन हाऊसवरच्या हल्ल्यानंतर सुरक्षा कडक आहे. पुरुषांनी डोकं झाकावं, शब्बाथाला मोबाइल आणि कॅमेरा बाहेर काढू नये. आत तोराच्या गुंडाळ्या ठेवतात त्या पवित्र कपाटासमोर टांगलेला दिवा दिसेल, तो नेर तामीद. लेवीय २४ वाचून गेलात तर नीट दिसेल.

आणि वेळ चुकली तर? यावरही ‘बराखोत’मध्ये (२६अ) नियम आहे. विसरून किंवा अडचणीमुळे एक प्रार्थना राहिली, तर लगेच पुढच्या वेळी प्रार्थना दोनदा म्हणायची: पहिली त्या वेळेची, दुसरी राहिलेली. हाही क्रम लक्षात ठेवा, चालू वेळेचं आधी, थकबाकी नंतर. भरपाई फक्त लगतच्या एकाच वेळेची होते. दोन वेळा गेल्या तर आधीची गेली ती गेली. जाणूनबुजून सोडली तर भरपाई नाही. तुमच्या आठवड्यालाही हाच नियम लावा. मंगळवारची संध्याकाळ राहिली तर बुधवारी सकाळी ९४वं स्तोत्र वाचा, मग १४५वं. सोमवारचंही राहिलं असेल तर ते सोडून द्या.